आडाच्या तळातला माणूस

नवऱ्याची पलटण सरहद्दीवर होती आणि तासगावच्या घरात मी तान्ह्या लेकीला घेऊन एकटी राहत होते. संडासाची टाकी पाझरून परसातल्या आडाच्या पाण्याला वास येऊ लागला. गवंड्यानं टाकी नीट केली, पण आड उपसायलाच हवा होता. म्हणून शेजाऱ्यांनी एका जोडप्याला धाडलं.

तो शिडशिडीत माणूस कमरेला दोर बांधून खाली उतरला. बायको वरून गाळाच्या बादल्या ओढू लागली. थोड्या थोड्या वेळानं खालून घुमणारा आवाज यायचा, "हायस का?" ती म्हणायची, "हाय." उन्हात बसून ऐकताना मला वाटे, जमीनच झोपेत बोलतेय.

चहाला तो वर आला तेव्हा मी विचारलं, "सारखं काय विचारता?"

"आवं, खालची हवा कवा बिघडंल सांगता येत न्हाई. माझा आवाज थांबला की तिनं वडायचं," तो म्हणाला. मग कपाकडं बघत हसला. "आन् तळाला लय येळ बसलं, की वर जग हाय का न्हाई, तेच कळंनासं व्हतं."

दुपारनंतर ती गाळ टाकायला बांधाकडं गेली, आणि खालून हाक आली. मी धावत जाऊन दोर धरला आणि म्हणाले, "हाय."

मग आवाज आला, "बाई, तुमी व्हय? ऱ्हावा मग तितंच."

कित्येक महिन्यांत मला कुणी असं थांबायला सांगितलं नव्हतं. दोर घट्ट धरून मी काठाशी उभी राहिले.