लोखंडी कढईतली अंबाडी

मला मातीचे डोहाळे लागले तेव्हा सासरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. चुलीमागच्या भिंतीचे पोपडे मी चोरून खायची. एकदा सासूबाईंनी पकडलं, तर रागवायचं सोडून त्यांनी माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, "मातीचे डोहाळे म्हणजे पोटात राजा की गं!" इकडे त्या राजाच्या आईला घागर उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि नखं पांढरीफटक पडली होती.

थोरल्या जाऊबाई बाळंतपणात गेल्या होत्या. डोहाळे त्यांनाही असेच होते, पण त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. मला मरायचं नव्हतं. कुणाला न विचारता मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. इंग्रजी अमदानीतल्या सोलापुरात बाई डॉक्टर म्हणजे नवलाईच. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली. "रक्तात लोह कमी आहे तुमच्या. म्हणून माती खावीशी वाटते, पण मातीनं ते भरून येत नाही. औषध देते. शिवाय आंबट पालेभाजी लोखंडी कढईत शिजवून खा. कढईतलं कणभर लोखंड भाजीत उतरतं, तेवढंही शरीराच्या कामी येतं."

आमच्याकडे देवळाची पूजा होती. घरात शिजेल ते आधी देवाला, मग आम्हाला, आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाला लोखंड वर्ज्य. पितळेची पातेली चिंचेनं घासून अशी लखलखीत, की आम्हा सुनांचे पांढरे चेहरे त्यांत स्वच्छ दिसायचे.

मी मंगळवारच्या बाजारात गेले. कढया विकणारी ओळखीची होती. हसून म्हणाली, "देवळातल्या बाई तुमी! तुमाला लोखंड चालतंय व्हय?"

"मला चालतं," म्हटलं.

अंगणात तीन दगड मांडून अंबाडी शिजवली. भाजी काळीमिट्ट झाली. सासूबाई दारातून ओरडल्या, "हे काळं अन्न देवाला दाखवणार काय?"

"देवाला नको. मी खाणार आहे."

त्या दिवसापासून स्वयंपाकघर मला बंद. यजमान खाली मान घालून जेवत राहिले. त्यांचा मला आजही राग येतो. मी अंगणात बसून ती भाजी भाकरीबरोबर रोज खाल्ली, तीही बोटं चाटून.

बाळंतपण जड गेलं. रक्त पुष्कळ गेलं, पण मी राहिले. राजा काही आला नाही, मुलगी झाली. सासूबाईंनी खापर कढईवर फोडलं, म्हणे लोखंडानं मुलाची मुलगी केली! मला इतकं हसू आलं की सुईण दटावायला लागली.

बाराव्या दिवशी सासूबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "झालं गेलं. आता पंचगव्य घे, प्रायश्चित्त कर, आणि स्वयंपाकघरात ये."

मी मुलीला पाजत होते. म्हटलं, "प्रायश्चित्त कशाचं घेऊ, सासूबाई? जिवंत राहिले त्याचं?"