भुईवर घेतलेला सिपाही

मी धनजचा नामदेव. पलटणीत दोन फितींचा नायक नामदेव, नर्सिंग ऑर्डरली, फील्ड अँब्युलन्स, म्हणजे आघाडीमागचा फिरता दवाखाना. दुसऱ्या महायुद्धात आम्ही ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर होतो. लोकांना वाटतं, फौजी म्हणजे बंदूक. मी बंदूक कमी चालवली. सुया उकळल्या, पट्ट्या बांधल्या, स्ट्रेचर उचलले. आणि रम इश्यूच्या दिवशी प्यालेले जवान सांभाळले.

हे शेवटचं काम आम्हाला कॅप्टन डॉक्टर साहेबांनी शिकवलं. साहेब हडकुळे आणि तोंडाचे फटकळ. प्यालेला माणूस समोर उभा करायचे आणि विचारायचे, "बोलो, कौन सी सीढ़ी पर है?" पहिल्या पायरीवर माणूस गोड होतो, बोलका होतो. दुसरीवर त्याला वाटतं, आपल्याला सगळं जमतं. अक्कल इथंच जाते, आणि ज्याची जाते त्यालाच ते कळत नाही. तिसरीवर पाय एका वाटेनं आणि जीभ दुसऱ्या वाटेनं. चौथीवर ओकतो, नाव विचारलं तर गाव सांगतो. पाचवीवर चिमटा काढा, हूं नाही की चूं नाही. सहावी पायरी साहेब सांगत नसत, नुसती मान हलवत. चौथीपासून पुढं नियम एकच होता: जमिनीवर ठेवा, कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका, जवळून हलू नका.

हा नियम मला झोपेतून उठवून विचारला तरी आला असता. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

किसन माझ्याच गावचा. तो इन्फंट्रीत होता. त्या उन्हाळ्यात आमची रजा एकाच वेळी पडली. त्याच्या रजेचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी बारा वाजता बैलगाडीनं कारंज्याला निघायचं आणि तिथून मूर्तिजापूरची छोटी आगगाडी धरायची, असं ठरलं होतं. सकाळी आठ वाजता आम्ही त्याच्या शेतात विहिरीजवळच्या लिंबाखाली बसलो. तो, त्याचा मोठा भाऊ सुदाम आणि मी. रमची बाटली माझी होती. पलटणीतून गावाला दाखवायला आणली होती, खोटं कशाला बोलू.

सुदामनं तोंड लावून ठेवून दिली. मी दोन पेग घेतले, मग तिसरा. किसन पाणी न घालता ओतत होता.

नऊ वाजता तो पहिल्या पायरीवर होता. उठून मला कडक सॅल्यूट ठोकला. "नायक साहेब, सलाम! अबे सुदामभाऊ, पाह्य ना, हा नामा गावात शेळ्या राखे, अन् आता साहेब लोकाइले सुया टोचून राह्यला!"

आम्ही पोट धरून हसलो. साडेनऊला म्हणाला, "या हिरीत उडी मारून दाखवू का?" दुसरी पायरी. सुदामनं त्याचा सदरा धरून खाली बसवला. सुदाम बैलांना पाणी पाजायला गेला तसा किसन माझ्याजवळ सरकला.

"नामा, मी परत नाई जात."

"काहून बे?"

"मले भेव लागते रे. त्या जंगलातून मी काई वापस येत नाई. मायले नको सांगजो."

आज कोणी असं म्हणालं तर मी त्याचा हात धरून बसेन. त्या दिवशी मी नायक होतो आणि तीन पेग पोटात होते. मी हसलो. म्हणालो, "असा भेकड कायले होतं? पलटणीचं नाव बुडवशीन लेका!"

त्यानं बाटली ओढून घेतली. मग बाटलीत होती नव्हती तेवढी एका दमात प्याला.

दहा वाजून वीस मिनिटांनी त्याचे पाय गेले. सुदामनं आणि मी त्याला धरून घरी आणलं. अंगणात तो ओकला. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्या दंडाला जोरात चिमटा काढला. काही नाही. पाचवी पायरी. श्वास मोजला, मिनिटाला बारा. ओसरीत तरट टाकलं, त्याला भुईवर कुशीवर निजवलं, पाठीला पोतं लावलं. त्याची आई गंगूमाय मारुतीला नारळ फोडायला गेली होती, लेक निघायचा म्हणून.

मी सुदामला म्हणालो, "याले हालवू नको. पाणी पाजू नको."

"बरं."

आणि मी निघालो. रजा संपून किसन हजर झाला नाही तर ॲबसेंट लागला असता. पोलीस पाटलाची चिठ्ठी हवी होती, आजारी आहे अशी. दहा मिनिटांचं काम. सुदामला पाठवता आलं असतं. पण मला वाटलं, फौजेचा कागद आहे, मीच बरोबर सांगेन. पाटलानं चिठ्ठी लगेच दिली. वर चहा दिला आणि विचारलं, "लढाई कशी काय चालू हाय, नामदेवा?" मी सांगत बसलो. तोफा, डोंगर, जळवा. मी कोणत्या पायरीवर होतो, ते मला कळत नव्हतं.

अकरा पन्नासला परतलो. किसन बाजेवर उताणा होता. डोक्याखाली उशी होती. गंगूमाय त्याच्या तोंडात वाटीनं चिंचेचं पाणी ओतत होती. दारू उतरवायला आमच्याकडे तेच देतात. त्याच्या घशातून खळखळ आवाज येत होता आणि ओठ निळे पडले होते.

"माय, सरक!"

मी त्याला खाली ओढलं. तोंडात बोट घालून साफ केलं. पालथा घालून पाठ दाबायला लागलो. दाब, सोड. दाब, सोड. मिनिटाला बारा वेळा, शिकवलं होतं तसं. सुदाम भिंतीला टेकून बोलत होता. "म्या तिले म्हनलं, नामानं नाई म्हनलं हाये. ती म्हने, काहून नाई? मले काई सांगता आलं नाई रे."

आमच्याकडे माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला बाजेवरून भुईवर घेतात. गंगूमाय नारळ घेऊन दारात आली, तर लढाईवर निघालेला लेक भुईवर. कोणती आई त्याला तिथं राहू देईल? मी हुकूम दिला होता, कारण दिलं नव्हतं. पलटणीत त्यावर भागतं.

बारा पस्तीसला मी हात थांबवले.

गंगूमाय रडली नाही. तिनं मला विचारलं, "त्याले भुईवर कोनं घेतलं?"

"म्या, माय."

"तूनंच यमाले वाट दावली. जितं लेकरू भुईवर घेतलं तून!"

वाटी तिच्याच हातात होती. सुदामनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघून नको अशी मान हलवली. तो गप्प बसला.

"हो माय. माहीच चुकी झाली," मी म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

पलटणीत परतल्यावर कॅप्टन साहेबांनी पुढ्यात उभं केलं.

"तुम वहाँ थे?"

"जी साहब."

"होश में?"

"नहीं साहब."

माझ्या फिती गेल्या, मी पुन्हा सिपाही झालो. कमीच झालं असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

गंगूमाय पुढं पुष्कळ वर्षं जगली. मी रस्त्यानं दिसलो की पदर ओढून तोंड फिरवायची. आपल्या हातचं पाणी श्वासनळीत जाऊन लेक गेला, हे तिला कधी कळलं नाही. सुदामनं सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. आता ती नाही, सुदामही नाही, म्हणून हे लिहिलं.

पंधरा ऑगस्टला शाळेत गावच्या, लढाईत गेलेल्या जवानांची नावं वाचतात. किसनचं नाव त्यात नाही. मास्तरांचं वाचून झालं की मी उभा राहतो आणि सांगतो, "सिपाही किसन महादू, धनज." पोरांना सवय झाली आहे. मागच्या साली नवे मास्तर आले. त्यांनी वही उघडून अदबीनं विचारलं, "बाबा, हे कोणत्या आघाडीवर गेले?"

"घरच्या ओसरीत," मी म्हणालो. "ड्यूटी माझी होती."