बँकेला तोंड न्हाई

पारूबाई बँकेत आल्या की आधी चपला दाराबाहेर काढायच्या. हातातली काठी एटीएमच्या काचेला टेकवून ठेवायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि मग देवळात यावं तशा आत यायच्या. रखवालदार त्यांना नेहमी सांगायचा, "मावशी, घाला की चपला, इथं चालतंय." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुमाला चालतंय रं. मेंढरामागून आलेल्या पायाला कसं चालंल?"

मी तेव्हा पाटोद्याच्या शाखेत दुसऱ्या खिडकीवर बसायचो. पारूबाई खिडकीशी येऊन आधी इकडेतिकडे बघायच्या आणि हळूच विचारायच्या, "साहेब, हाय ना जागंवर?" ही चौकशी त्यांच्या पासबुकाची असे. ते माझ्या टेबलाच्या खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली असायचं. ग्राहकाचं पासबुक असं ठेवून घेणं नियमात बसत नाही, पण खातं उघडलं त्याच दिवशी त्यांनी ते माझ्याकडे परत सरकवलं होतं. "घरी न्यायचं न्हाई. डब्यात काय ठिवलं तर डबाबी वाजतो. बँकेला तोंड न्हाई, म्हनून तर हितं आले."

पारूबाई डोंगरावरच्या एका वस्तीवर राहायच्या. नवरा वारलेला. घरात मुलगा भागवत, त्याची बायको रेखा आणि चाळीसेक शेळ्यामेंढ्या. बाजारच्या दिवशी एखादं बोकड विकलं की मिळालेल्या पैशांतले थोडे वरच्यावर काढून त्या माझ्याकडे भरायच्या. लेंडीखत विकलं तर त्यातलेही. हे सगळं कशासाठी, ते मला बरेच महिने माहीत नव्हतं. एकदा खिडकीवर गर्दी नव्हती तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. सून बारावी झालेली होती, मार्क चांगले होते. तिला बीडला नर्सिंगला जायचं होतं. भागवत ऐकत नव्हता. पारूबाईंनी पहिल्या वर्षाची फी गुपचूप जमवायला घेतली होती.

"पावती हातात आली की मग सांगनार. भरलेली फी काय म्हागारी येती व्हय? मग बोंबलू दे त्याला." हे सांगून त्या खुदकन हसल्या. लगेच सावरून म्हणाल्या, "भागवत वाईट न्हाई हो. पर पैका दिसला की त्याला गाडी दिसती."

मी खवचटपणे म्हणालो, "सूनच आहे, लेक नव्हे. शिकून तिकडंच राहिली तर तुमची मेंढरं कोण वळणार?"

"मी हाय की. मला कुटं जाता आलं न्हाई, म्हनून तिनंबी हितंच बसावं का?"

मी पासबुकावर नोंद छापून दिली. त्यांनी ती बोटाने चाचपली आणि पासबुक पुन्हा आत सरकवलं. वाचता येत नव्हतं तरी त्या दर वेळी चाचपून बघायच्या.

मग आमची लहान बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. पाटी बदलली, भिंतींचा रंग बदलला, आमच्या गळ्यात नव्या दोऱ्यांची ओळखपत्रं आली. प्रत्येक खात्याला मोबाइल नंबर जोडायचा, ॲप चालू करून द्यायचं, असा हुकूम सुटला. रोज संध्याकाळी कार्यालयाच्या ग्रुपवर यादी पडायची, कुणाचे किती राहिले. मला शाबासकीची हौस जरा जास्तच. यादीत माझं नाव पहिलं यावं म्हणून जेवणाचा डबा तसाच ठेवून काम करायचो. शेवटी माझ्या नावापुढे एकच खातं उरलं, पारूबाईंचं.

त्यांना मी नंबर मागितला तेव्हा त्या घाबरल्या. "माज्याकडं कुटला फोन? नेकनूरला माजी भाची हाय, तिचा आनते. ती बोलायची न्हाई कुनाला. पुढल्या बाजाराला आनते बगा. पर साहेब, घरचा घालू नका."

"बरं," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी वरून फोन आला, "तुमचं एकच कशाला अडलंय?" भागवतचंही खातं आमच्याच शाखेत होतं. त्याचा नंबर समोरच्या पडद्यावर दिसत होता. मी तो आईच्या खात्याला जोडला. संमतीच्या चौकटीत खूणही मीच केली. पुढच्या बाजाराला भाचीचा आला की बदलू, आठवड्यात काय होतंय, अशी मनाची समजूत घातली. ग्रुपवर माझ्या नावापुढे टाळ्यांची चित्रं पडली. ती मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिली, हे लिहितानाही लाज वाटते.

नव्या बँकेने दुसऱ्याच दिवशी प्रत्येक ग्राहकाला स्वागताचा संदेश धाडला. त्यात खातेदाराचं नाव होतं आणि शिल्लकही होती.

पुढच्या बाजाराला पारूबाई चपला घालूनच आत आल्या. मागे भागवत होता. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "साहेब, माजी माय माज्यापासून पैसे लपवती, अन् तुमी तिला सांभाळून घेता? मी काय परका हाय?" आवाज चढलेला होता, पण डोळ्यांत पाणी होतं. "अन् हिच्या खात्यावर माजा नंबर कुनी घातला?"

रांगेतली माणसं बघायला लागली. नोकरी, नियम, चौकशी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"साहेबांना कशाला इचारतो?" पारूबाई म्हणाल्या. "मीच दिला. तुजाच पाठ व्हता, तोच सांगितला."

त्यांना कुणाचाच नंबर पाठ नव्हता. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं एवढंच बघायचं होतं की मी काही बोलतो का. मी मान डोलावली आणि म्हणालो, "हो, त्यांनीच दिला."

सगळे पैसे काढायच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला. जाताना म्हणाल्या, "द्या ते माजं पासबुक. आता हितं ठिवून काय करायचं?" मी खणातून काढून दिलं. ते घेताना त्यांनी नोंद चाचपली नाही. महिन्याभरात भागवतच्या दारात पिकअप उभी राहिली, असं कुणीतरी सांगितलं. पारूबाई पुन्हा बँकेत आल्या नाहीत आणि माझी बदली युसूफ वडगावला झाली.

गेल्या वर्षी नेकनूरहून मोटारसायकलवर येत होतो. रस्ता मेंढरांनी अडलेला होता. काठी घेतलेली एक तरुण बाई पुढे आली. "साहेब, वळखलं का? मी पारूबाईची सून." काठी मी आधी ओळखली.

"पारूबाई कशा आहेत?"

"गेल्या की. दिवाळीच्या आदी. शेवटाला लई तळमळल्या. सारख्या म्हनायच्या, 'रेखा, माज्याच तोंडातून नंबर निगाला, मीच तुजं वाटोळं केलं.' मी म्हनायची, जाऊ द्या आत्या, चुकतं मानूस. साहेबांनी तर किती जपलं व्हतं. हाय ना?"

त्या बाईने मरेपर्यंत मला सांभाळून घेतलं, आणि त्यापायी सुनेसमोर स्वतः गुन्हेगार होऊन गेली. रेखाला सांगायचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. एवढ्यात ती म्हणाली, "थांबा, मेंढरं बाजूला घेते. तुमाला उशीर व्हत आसंल." तिने रस्ता मोकळा करून दिला आणि मी गाडीला किक मारून निघून आलो.

रेखाताई, तुम्हाला वाचता येतं. हे कधी हाती पडलं तर एवढं वाचा. तो नंबर तुमच्या आत्यांनी दिला नव्हता. त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, घरचा घालू नका म्हणून. तो मी घातला.