हौदावरचा फोन

आबासाहेब रोज सकाळी चहाच्या आधी पाण्याकाठी जात आणि उजनी धरणाचं पाणी जिथं टेकलं असेल तिथं, अगदी कडेला, बाभळीची काठी रोवून येत. दुसऱ्या दिवशी काठीपासून पाणी किती पावलं मागं सरकलं ते बघायचं, काठी उपटायची आणि नव्या कडेला रोवायची. उन्हाळ्यात पाणी हटत गेलं की मोटर पुढं सरकवावी लागते, पाईप वाढवावा लागतो. तो कधी वाढवायचा ते काठी सांगे. मग मोटर चालू करून ते हौदाच्या मागं जाऊन उभे राहत. पाईपातून पाणी हौदात धबाधबा पडू लागे आणि त्या आवाजात आबांचा दिवसाचा पहिला कार्यक्रम उरके. चाळीस वर्षं हे असंच.

अलीकडे मात्र हौद अर्धा भरला तरी आबा मागंच असत.

"आवं, केळीला पाणी पोचलं," रंभाबाई बांधावरून ओरडत. "तुमी तितंच मुक्काम केला व्हय?"

सोलापूरच्या डॉक्टरांना आबांनी आपलं दुखणं नीट समजावून सांगितलं. "मोटर चालू हाय, पण दाब न्हाय. पाईपाच्या तोंडाला, फुटव्हॉल्व्हात काय तरी आडकलंय बगा."

डॉक्टर हसले. "फुटव्हॉल्व्ह चांगला आहे, आबा. पाईपाभोवतीची प्रोस्टेटची गाठ फुगलीय, ती पाईप दाबतीय." मग हसू आवरून त्यांनी बाकीचं सांगितलं. रक्ताच्या तपासणीतला आकडा वाढलेला होता. गाठीचे सुईनं बारीक तुकडे काढून तपासायचे. कॅन्सर आहे की नाही ते त्याशिवाय कळणार नाही.

आबांनी ते शांतपणे ऐकलं. त्यांचं भय निराळंच होतं. त्यांच्या थोरल्या भावाला अशाच आजारात लघवीची नळी घातली होती. सात महिने तो माणूस कमरेची पिशवी बाजाराच्या पिशवीत लपवून पारावर बसायचा. पुढं पुढं पारावर यायचाच बंद झाला.

"गाठीत काय निगायचं ते निगू द्या," आबा म्हणाले, "पण मला नळी नको."

"तपासणीनंतर लघवी झाली की लगेच घरी. नाही झाली, तर मात्र नळी घालावी लागेल. मग ती कधी काढायची ते बघू."

आबांची रक्त पातळ करायची रोजची गोळी तपासणीआधी पाच दिवस बंद होती. सवयीनं हात जाऊ नये म्हणून रंभाबाईंनी गोळ्यांचं पाकीट ज्वारीच्या डब्यात तळाशी पुरलं. दोघं गेलो तर मोटर आणि म्हैस कोण बघणार, म्हणून त्या मागं राहिल्या आणि आबा एकटेच सोलापूरला लेकीकडे आले. उत्कर्षा सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात नोकरीला होती. तिनं दोन दिवस रजा टाकली.

सकाळी दवाखान्यात एनिमा दिला. तिसऱ्यांदा बाहेर येऊन आबा खुर्चीवर टेकले. "एवढं तर मी केळीचं ड्रीपबी फ्लश करत न्हाय," ते म्हणाले. उत्कर्षानं तोंड फिरवून हसू दाबलं.

आत त्यांना कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवलं. बधिर करायची सुई टोचली, मागून नळकांडं सरकलं आणि मग खटका आला. स्टार्टरचं बटण दाबल्यासारखा. आबा भिंतीकडं बघत एकेक खटका मोजत राहिले. बारा झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर, आता बास. तेरावा नको." डॉक्टरांच्या हातातलं यंत्र हसण्यानं हललं.

खरी परीक्षा दुपारी सुरू झाली. पाण्याच्या दोन बाटल्या झाल्या, शहाळं झालं. आबा संडासात जात आणि तसेच परत येत. एकदा तीन थेंब आले, तेही लाल. पोट ताठत चाललं. धनलक्ष्मी सिस्टर तीनच्या सुमाराला येऊन म्हणाल्या, "आजोबा, चारपर्यंत वाट बघू. मग नळी घालावीच लागेल."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बापाला बिनटोपीचं बसलेलं उत्कर्षानं फार वेळा पाहिलं नव्हतं.

पाण्याच्या आवाजानं होईल म्हणून तिनं त्यांना पुन्हा संडासात धाडलं आणि तिथला नळ सोडायला सांगितला. नळाला करंगळीएवढीही धार नव्हती.

"ह्याला पाणी म्हणत्यात व्हय?" आतून आबा म्हणाले. "हे तर मुळूमुळू रडतंय."

उत्कर्षाला एकदम घरची सकाळ आठवली. आबा कुठं आहेत असं विचारलं की आई न बघता सांगायची, हौदामागं. तिनं आईला फोन लावला.

"आई, शेतात जा. मोटर चालू कर आणि फोन हौदापाशी धर."

"का गं? लाईट साडेतीनला जाती. सव्वातीन झाल्यात."

"म्हणून तर पळ."

मधे फक्त रंभाबाईंचा श्वास आणि चपलांचा आवाज. मग स्टार्टरचा खटका. मोटर नुसती घुमू लागली.

"पाणी उचलंना गं. दोन दिस काठी कुणी रोवली न्हाय, कड कुटल्या कुटं गेली. फुटव्हॉल्व्ह उगडा पडलाय."

उत्कर्षानं फोन दाराच्या फटीतून आत दिला. पोट धरून उभे असलेले आबा आतून मोठ्यानं सांगू लागले, "बंद कर आदी. पाईप ओढ आनि फुटव्हॉल्व्ह खोल पाण्यात ढकल. आता वरचं बूच काड. दोन बादल्या वत. भरलं? लाव बूच, कर चालू."

"बादली वतताना साडी भिजली की सगळी," रंभाबाई म्हणाल्या.

"भिजू दे. नवी घेऊ."

"ऐकलंस गं उत्कर्षा? साक्षीला ऱ्हा."

मोटर पुन्हा घुमली. पाईपात खोकल्यासारखी हवा आली, गुळण्या झाल्या आणि मग तो आवाज आला. फोनचा आवाज पूर्ण मोठा होता. धबाधबा, धबाधबा, फरशा घुमवत. धनलक्ष्मी सिस्टर धावत आल्या. "कुठली टाकी फुटली?"

"टाकी नाही," उत्कर्षा म्हणाली. "आमचा हौद आहे."

दोघी दाराबाहेर उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसतं पाणी पडत होतं. मग लाईट गेली असावी, कारण आवाज बारीक होत थांबला. आतला आवाज मात्र थांबला नव्हता.

आबा बाहेर आले. टोपी घातली, सरळ केली. फोन कानाला लावून एवढंच म्हणाले, "झालं." पलीकडून रंभाबाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. नळीचं पाकीट सिस्टरांनी न फोडताच परत नेलं.

गावी आल्यावर आठवडाभर ट्रॅक्टर नाही, मोटारसायकल नाही, वजन उचलणं नाही. लघवी मोकळी व्हायच्या गोळ्या घ्यायच्या, भरपूर पाणी प्यायचं, ताप आला तर लगेच कळवायचं. ताप आला नाही. उत्कर्षा रोज फोनवर रंग विचारी आणि आबा शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर देत. पहिल्या दिवशी डाळिंब, तिसऱ्या दिवशी लाल पेरूचा गर, पाचव्या दिवशी फिका चहा. सातव्या दिवशी फोन रंभाबाईंनी घेतला. "आज निरा हाय," त्या म्हणाल्या. "आनि हौदामागनं लवकर आले."

नवव्या दिवशी रिपोर्ट यायचा होता. आबांनी सकाळी तोंड धुतलं आणि नेहमीसारखे पाण्याकाठी गेले. रंभाबाई आज मागोमाग आल्या. काठी अकरा पावलं मागं राहिली होती. आबा ती उपटत असतानाच फोन वाजला.

"आबा, कॅन्सर नाही," उत्कर्षा म्हणाली. "वयानं वाढलेली साधी गाठ आहे आणि थोडी सूज. त्याच गोळ्या चालू ठेवायच्या, बस्."

आबांनी रंभाबाईंकडं बघून मान हलवली. त्या तिथंच ओल्या चिखलात मटकन बसल्या, नव्या साडीनिशी. आबांनी काठी नव्या कडेला रोवली, दाबून पाहिली आणि फोनवर म्हणाले, "बरं. रविवारी येताना पाईपाचा एक तुकडा आन. पाणी लई मागं सरकलंय."