घंटाबाईची शाळा

घंटाबाईने शाळेच्या उंबऱ्याच्या आत एकदाच पाऊल टाकले, आणि तेव्हा त्या शाळेला छप्पर नव्हते. त्याआधी सबंध वर्ष ती दाराबाहेर उभी राहिली. सकाळी जाळे खांद्यावर टाकून ती तलावावरून थेट शाळेकडे येई. लुगडे गुडघ्यापर्यंत ओले असे, अंगाला मासळीचा वास असे. गुरुजींनी तिला एकदोनदा आत बोलावले. ती म्हणाली, "नाई गुर्जी. पाटीपुस्तकाच्या घरात मासोयीचा वास नाई पायजे." तिची मुलगी गोदा आत तिसऱ्या वर्गाच्या रांगेत बसलेली असे; वर्ग गुरुजींनी वयावरून पाडले होते. तिच्याही अंगाला तोच वास होता. त्याचे घंटाबाईला काही वाटत नसे. नियम तिने स्वतःपुरता केला होता.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. गडचिरोली त्याच जिल्ह्यात होती आणि आमचा सारा भाग मध्यप्रदेशात मोडत होता. माझे वडील जंगलखात्यात नाकेदार होते. त्यांची बदली होत होत आम्ही या गावी आलो आणि एकच वर्ष राहिलो. गाव धानाचे. अर्धी घरे शेतकऱ्यांची, अर्धी ढिवरांची, म्हणजे तलावातली आणि नदीतली मासळी धरून, उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून जगणाऱ्यांची. घंटाबाई ढिवरांपैकी. तिचे नाव पारबता. नवरा तापाने गेला होता. ती मोठ्या दिराच्या, धर्माभाऊच्या घरी एका खोलीत राहत असे.

गावाला शाळा त्याच वर्षी मिळाली होती, तीही तात्पुरती. वर्षभर ती वेळेवर आणि नियमित भरली, असे तपासणीत दिसले तर कायम होणार होती. नाही तर गुरुजी दुसरीकडे जाणार होते. दुसरी शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती. पावसाळ्यात नाला उतरत नसे, म्हणून तिकडे कोणी मुले पाठवत नसत. हे सगळे गुरुजींनी पहिल्याच दिवशी पारावर समजावून सांगितले. लोकांनी ऐकले आणि दुसऱ्या दिवशी बांबू तोडायला गेले.

भिंती कुडाच्या झाल्या, मातीने लिंपल्या. अडचण कवेलूंची, म्हणजे छपराच्या कौलांची होती. नवी कवेलू भाजायला वेळ नव्हता, आभाळ भरून आले होते. तेव्हा असे ठरले की प्रत्येक घराने आपल्या छपरावरून काही कवेलू उतरवून द्यावीत. घंटाबाईने पहिली टोपली आणली. जाऊ तिच्यावर चिडली. पावसात घर गळेल, एवढेही हिला कळत नाही का, असे ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. घंटाबाईने टोपली खाली ठेवली. "घर गळलं तं आपन भिजतो. शाळा गळली तं गावाची पोरं भिजतेत." त्या पावसाळ्यात गावातले प्रत्येक घर कुठे ना कुठे गळत होते. आमच्या सरकारी नाक्याचे छप्परही वडिलांनी त्यातून वगळले नव्हते. शाळा मात्र कोरडी राहिली.

घंटा म्हणजे छोट्या रेल्वेच्या रुळाचा तुकडा. गँगमध्ये काम करून आलेल्या एकाने तो गावात आणला होता. तो शाळेपुढच्या मोहाच्या झाडाला टांगला गेला आणि वाजवायचे काम पारबताकडे आले, कारण गावात सर्वांत आधी तीच उठत असे. मजुरी कोणी ठरवली नाही, तिने विचारली नाही. गावात घड्याळ गुरुजींच्या मनगटावर तेवढे होते. श्रावणात दमट हवेने तेही बंद पडले. त्यानंतर शाळा घंटाबाईच्या अंदाजाने भरू लागली. ऊन असले तर तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या दगडावर ऊन चढले की ती टोला देई. आभाळ असले की बगळे पाण्यावर उतरायची वाट पाही. बगळ्यांना उशीर झाला तर शाळेला उशीर होई. गुरुजी म्हणत, या गावात माझा साहेब बगळा आहे.

गुरुजी वर्धेकडचे होते, विशीतले, मितभाषी. त्यांच्या जेवणाची पाळी घरोघर लावलेली होती. ते मासे खात नसत. ढिवरांच्या आळीत त्यामुळे कुरबुर झाली. आमच्याकडचे अन्न चालत नाही असे सरळ सांगा, असे एक म्हातारा त्यांना तोंडावर म्हणाला. घंटाबाईने आपल्या पाळीला लाखोळीचे वरण, भात आणि अंबाडीची भाजी केली आणि ताट पुढे ठेवून म्हणाली, "आमच्या आळीत तुमी उपाशी मरान, गुर्जी, अन् नाव आमचं खराब होईन." गुरुजी तिसऱ्यांदा भात मागून जेवले. मग इतरांनीही लाखोळी शिजवायला सुरुवात केली. कुरबुर थांबली.

खरी परीक्षा रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत आली. धानाच्या रोवणीत मूल म्हणजे दोन हात असतात. शाळेत आम्ही पाचसहा जण उरलो. घंटाबाई तेव्हा बांधाबांधाने फिरली. एका शेतकऱ्याच्या बायकोला, सीताबाईला, ती म्हणाली, "तुह्या पोरीच्या जागी मी वाकतो. तिले शाळेत सोड." सीताबाईने हसून विचारले, "मासोया सोडून तुले चिखल काऊन आवडून राह्यला वं?" घंटाबाईने पदर खोचत उत्तर दिले, "मासोया तलावातच राहतेत, बाई. पोरं तेवढीच्या तेवढी राहत नाई." आणि ती शेतात उतरली. आज या शेतात, उद्या त्या. तिला वाकलेले पाहून ढिवरांच्या इतर बायाही एकेका मुलाच्या बदली उतरल्या. रोवणी संपायच्या आत शाळेतल्या रांगा पुन्हा भरल्या होत्या. घंटाबाई मात्र त्यानंतर ताठ चालली नाही. कमरेवर हात ठेवून टोला देताना मी तिला पाहत असे.

तिला शाळा कशासाठी हवी होती, हे गावात सर्वांना माहीत होते. गोदाला मागणी आली होती. नदीपलीकडचे लोक होते. मुलगा थोराड, घरी दोन डोंगे, म्हणजे होड्या. धर्माभाऊचा होकार तयार होता. तिकडच्या रीतीप्रमाणे मोठ्या दिराशी भावजय समोरासमोर बोलत नसे. घंटाबाईने डोक्यावर पदर ओढला आणि ओसरीच्या खांबाकडे तोंड केले. मी तेव्हा गोदाकडे पुस्तक मागायला गेलो होतो.

"खांबाले सांगून राह्यलो," ती म्हणाली, "गावात शाळा हाय तवरी गोदी जानार नाई."

धर्माभाऊ चिलीम भरत होता. त्यानेही खांबाकडेच पाहिले. "खांबानं आयकलं. शाळा हाय तवरीच."

करार एवढाच झाला. दोघांनीही तो पाळला.

तपासणी फाल्गुनात आली. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला लोक डिप्टीसाहेब म्हणत. सोमवारी साहेब येणार, असा निरोप कोतवालाने आणला. कोणतेही साहेब रेंगीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून येत आणि सडकेपासून गावापर्यंत यायला त्यांना दुपार होई, हा सर्वांचा अनुभव होता. त्या हिशेबाने गावाने तयारी केली.

त्या गावात मोठ्या पाहुण्याला तलावाची मासळी देत. ती एकट्यादुकट्याने धरायची नाही. प्रत्येक घरातले लहानथोर एकाच वेळी पाण्यात उतरायचे, पाय आपटून गाळ उठवायचा, गढूळ पाण्यात मासे वर येतात ते टोपल्यांनी आणि जाळ्यांनी धरायचे. ज्या घरचे पाय पाण्यात पडले नाहीत, त्या घराने पाहुण्याचे स्वागत केले नाही, असे मानत. मुलांचे पाय तर हवेतच, कारण साहेब येणार होते ते मुलांसाठी. गुरुजींना ही कल्पना फारशी पसंत नव्हती. पण वर्षभर ज्या लोकांनी जेवू घातले त्यांना नाही कसे म्हणणार? सकाळी लवकर उतरून, अंघोळी करून, दुपारपर्यंत मुले रांगेत बसलेली असतील, असे घंटाबाईने त्यांना सांगितले. गुरुजी साहेबांना आणायला रेंगी घेऊन सडकेकडे गेले. घंटा त्या सकाळी वाजली नाही. आम्ही सगळे तलावात होतो.

साहेब सायकलवर आले. ती त्यांनी नवी घेतली होती. जंगलातल्या पायवाटेने ते गुरुजींना चुकवून पुढे आले, शाळेत गेले, रिकामी शाळा पाहिली आणि माणसांचा आवाज येत होता त्या दिशेने पाळीवर चढले.

घंटाबाईने त्यांना सर्वांत आधी पाहिले. ती छातीएवढ्या पाण्यात होती. जाळे तसेच सोडून ती पाळ चढून धावली आणि मोहाखाली जाऊन टोले देऊ लागली. वर्षभराची सवय होती. टोला ऐकला की आम्ही शाळेकडे पळत असू, तसेच पळालो. कमरेपर्यंत चिखल, केसांत शेवाळ. आपापल्या वर्गाच्या रांगेत जाऊन बसलो. काहींच्या हातात मासे होते. ते खाली ठेवायचे कोणाला सुचले नाही. सीताबाईच्या पोरीच्या मांडीवर मरळ तडफडत होती आणि ती समोर फळ्याकडे पाहत बसली होती.

साहेब रागावले नाहीत. ते नीटनेटके, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी गोदाला वाचायला सांगितले. तिने हात परकरला पुसले आणि धडा न अडखळता वाचला. पानावर तिच्या अंगठ्याचा चिखल उमटला. साहेब चांगले म्हणाले. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या घंटाबाईला त्यांनी शाळेची वेळ विचारली.

"भरली, साहेब. आता भरली."

"मी आलो तेव्हा भरलेली नव्हती."

"तुमच्यासाठीच तं पोरं पान्यात गेल्ती."

"ते मला समजले, बाई," ते म्हणाले. "पण मी पाहिली ती शाळा रिकामी होती. मला तेच सांगावे लागेल."

गुरुजी रिकामी रेंगी घेऊन परतले तेव्हा साहेब निघायच्या बेतात होते. दोघे बाजूला जाऊन बोलले. गुरुजी बरेच बोलले, एरवी बोलत नसत इतके. साहेबांनी पाणी मागून प्यायले. मासळी ते खात नव्हते.

पाहुण्यासाठी काढलेली आणि पाहुण्याने न घेतलेली मासळी त्या गावात कोणी घरी शिजवत नसे. संध्याकाळी माणसांनी शाळेमागे खड्डा खणला आणि टोपल्या त्यात रित्या केल्या. पुढचे काही दिवस वर्गात तो वास येत राहिला.

शाळा पुढच्या वर्षी राहणार नाही, हे चैत्रात कळले. गुरुजी गेले त्या दिवशी शेतकऱ्यांनी त्यांना तांदूळ बांधून दिले आणि ढिवरांनी लाखोळीची डाळ. घंटाबाईने काही दिले नाही. ती जाळे विणत बसून होती. गुरुजी तिच्या दारात जाऊन उभे राहिले तेव्हा ती म्हणाली, "माह्यानंच झालं, गुर्जी. मीच म्हनलं होतं, दुपारवर बसतीन म्हनून." गुरुजींनी तसे नाही असे सांगितले. तिने मान हलवली आणि विणणे चालू ठेवले.

मग घराघरांतून लोक येऊन आपापली कवेलू उतरवून नेऊ लागले. त्यात लबाडी नव्हती. पाऊस तोंडावर होता आणि सगळ्यांनी एक पावसाळा गळत्या घरात काढला होता. कोणाची कवेलू कोणती, यावर भांडण झाले नाही. घंटाबाईने आपली मागे घेतली नाहीत. शेवटी एका कोपऱ्यावर तिचीच तेवढी उरली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, वर्तमानपत्रात काम करत असताना, त्या गावी पुन्हा शाळा झाल्याचे मला कळले. पक्क्या भिंतींची. घंटाबाई तोवर राहिली नव्हती. रुळाचा तुकडा तिने मोहावरून काढला होता आणि शेवटपर्यंत डोंगा थोपवायला पाण्यात टाकत असे, असे तिकडच्या एका माणसाने सांगितले. तो कधी काढला, हे त्याला माहीत नव्हते. मला माहीत होते, कारण आमचे बिऱ्हाड हलण्याच्या आदल्या आठवड्यात मी तिथे होतो.

ती गोदाच्या पाठवणीची सकाळ होती. तुकडा मोहावरून उतरला तो त्याच संध्याकाळी. करार खांबासमोर झाला होता आणि शाळा राहिली नव्हती. धर्माभाऊ शब्दाला पक्का होता, घंटाबाईही. हळदीने पिवळी झालेली गोदा बैलांच्या बंडीत बसली. तिच्या वर्गातली मुले तेंदूची पाने तोडायला, गुरांमागे, कुठे कुठे पांगलेली होती. त्यांनी येऊन तिला पाहावे म्हणून घंटाबाईने मोहाखाली जाऊन टोला दिला.

मुले आली. पण बंडीकडे आली नाहीत. टोला ऐकून ती शाळेकडे पळाली आणि त्या उघड्या भिंतींच्या आत आपापल्या रांगेत जाऊन बसली. मीही बसलो. वरून ऊन पडत होते. गोदाने बंडीतून ते पाहिले. ती खाली उतरली, नव्या लुगड्याचा घोळ सावरत आत आली आणि तिसऱ्या वर्गाच्या रांगेत तिच्या जागी मांडी घालून बसली. समोर गुरुजी नव्हते. कोणी हसले नाही.

बाहेरून धर्माभाऊने एकदा हाक मारली. मग घंटाबाईने सुटीचे टोले दिले. कोणी उठले नाही. तिने पुन्हा दिले.

मग ती उंबऱ्यापाशी आली. तिथे नेहमीसारखी थांबली. अंगावरचे लुगडे त्या दिवशी कोरडे होते. तिने ते एकदा खाली वाकून पाहिले, आत आली आणि गोदाला हाताला धरून उठवले.