लिंबाखालची शीव

मोझेस उजागरे सरांना करंजखोपमध्ये तोंडावर वेडा म्हणायची कुणाची टाप नव्हती. निम्म्या गावानं शाळेत त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांची पोरं अजून खात होती. पण रविवारची उपासना आटोपली, की डोक्याला टोपी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात मोबाईल, असा हा पन्नाशी ओलांडलेला भूगोलाचा मास्तर बांधाबांधानं फिरताना दिसे. मग मात्र पाराखाली बसलेली मंडळी एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत.

सरांना नाद लागला होता. जगभरातली हौशी माणसं मिळून इंटरनेटवर एक नकाशा करतात. त्याला मालक नाही, पगार नाही. ज्याला जे ठाऊक असेल ते त्यानं त्यात भरायचं. नगरच्या एका शिबिरात सर हे शिकले आणि घरी येऊन त्यांनी आपला पाथर्डी तालुका उघडून पाहिला. रस्ते होते, ओढे होते, देवळंसुद्धा होती. गावं मात्र नुसती ठिपके होऊन पडलेली. कुठलं गाव कुठं सुरू होतं नि कुठं संपतं, काही पत्ता नाही. शीव नसलेलं गाव म्हणजे दार नसलेलं घर, असं सरांना वाटलं. त्यांनी ते मनावर घेतलं, आणि मोझेस सरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरच्यांनी हात टेकायचे असतात.

या नकाशाचा एक कडक नियम आहे. दुसऱ्या कुणाच्या नकाशावरून उतरवून काढायचं नाही, मग तो सरकारी का असेना. जमिनीवर जे आहे ते बघायचं, माणसांना विचारायचं आणि मग रेघ ओढायची. कॉपी करणाऱ्याचा कान धरण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला हा नियम मनापासून पटला. ओढ्यावरून जाणारी शीव सोपी होती. माळावर हद्दीचे दगड सापडत. घोडं अडायचं ते डांबरी रस्त्यावर. रुंदीकरणात तिथले दगड भरावाखाली गेले होते.

त्यावर सरांनीच तोड काढली. आपल्याकडे लग्न लागलं, नवरीला घेऊन जीप निघाली, की वाटेतल्या प्रत्येक गावच्या शिवेवर ती थांबते. नवरा-नवरीवरून नारळ ओवाळून फोडतात आणि मगच गाडी पुढे जाते. त्यामुळे शिवेवर रस्त्याच्या कडेला करवंट्या, काथ्या, कुंकवाचे डाग असे कायम पडलेले असतात. सर स्वतः ख्रिस्ती, त्यांच्या घरात हा रिवाज नाही. पण डोळे उघडे होते. जिथं दगड शाबूत होते अशा दोन-चार ठिकाणी त्यांनी पडताळून पाहिलं, तर करवंट्या बरोबर दगडापाशीच. सर खूश झाले. त्यानंतर रस्ता आला की ते थेट विचारत, ‘‘नारळ कुठं फोडता?’’ लोक हसत, पण सांगत.

करंजखोप आणि शेजारचं भोकरसांगवी यांच्यामधल्या रस्त्यावरही त्यांनी हेच विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं. ‘‘त्या लिंबाखाली, सर.’’ लिंबाखाली करवंट्यांचा खच होता. सरांनी तिथून रेघ नेली. लिंबाच्या पुढे, भोकरसांगवीच्या अंगाला, ख्रिस्ती लोकांचं कबरस्थान होतं, ते रेघेच्या पलीकडे गेलं. तिथं सरांचे वडील जेम्स यांची कबर होती. सरांच्या हे ध्यानात आलं, क्षणभर चुटपुट लागली, पण जमिनीवर आहे ते आहे म्हणून त्यांनी काम पुढे नेलं.

गावांच्या शिवा पुऱ्या झाल्या तशी बातमी पसरली आणि भोकरसांगवीचे सरपंच सरांच्या दारात आले. त्यांचं म्हणणं साधंच होतं. उत्तरेकडचं तळं नकाशात आमच्याकडे ओढून घ्या, तुमचं काय जातंय? सरांनी चहा पाजला आणि चारचौघांत सुनावलं, ‘‘दोन गावांत रेघ एकच असते, सरपंच. तुमचं वाढवलं तर दुसऱ्याचं तेवढंच घटतं. आणि ती रेघ माझी न्हाई, जमिनीची हाय. माझ्या बापासाठीसुद्धा मी ती हलवनार न्हाई.’’ सरपंच चहा पिऊन गेले. हे वाक्य गावभर झालं आणि पुढं सरांच्याच गळ्यात पडलं.

घरी म्हातारी आई होती, रोझीबाई. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, गुडघे गेलेले. एका संध्याकाळी सरांनी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवून आपली करामत दाखवली. हे आपलं घर, ही शाळा, ही बाबांची पाण्याची टाकी. जेम्स हयातभर गावच्या नळाला पाणी सोडण्याचं काम करत. टाकी बघून म्हातारी हरखली. मग तिनं विचारलं, ‘‘आन् गाव कुठवर?’’

सरांनी बोटानं जांभळी रेघ दाखवली.

‘‘आन् तुझे बाबा कुठं?’’

सरांनी रेघेपलीकडे बोट ठेवलं. जेम्स गेले तेव्हा नातेवाईक त्यांना नगरच्या मोठ्या कबरस्थानात न्यायला निघाले होते. ‘मला गावातच ठेवा’ एवढंच त्यांनी मागितलं होतं, आणि त्या शब्दासाठी रोझीबाईनं साऱ्या भावकीशी भांडण घेतलं होतं.

‘‘म्हंजे गावात न्हाईच ठेवला आपन त्यांना,’’ ती म्हणाली.

‘‘आई, दोन पावलांचा तर फरक हाय.’’

‘‘शीव ती शीव. मोबाईलात आलं म्हंजे मोजूनच आलं असंल की. तुझ्याइतकं कुनाला कळतंय?’’ मग लॅपटॉप बाजूला सारत म्हणाली, ‘‘मी गेल्यावर मला मग नगरला ने. तितं माझ्या भावाची कबर तरी हाय.’’

सरांना वाटलं, रागाच्या भरात बोलली, उतरेल. पण म्हातारी हट्टाला पेटली होती. चर्चचे पाळक घरी आले तर त्यांनाही तिनं हेच सांगितलं, आणि त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बाबांच्या शेजारची जागा तिनं इतकी वर्षं आपली म्हणून धरली होती. दर नाताळाच्या आधी तिथलं गवत आठवणीनं काढायला लावायची, ते त्या वर्षी काढायला सांगितलं नाही. आईबापांना दोन ठिकाणी ठेवायचं हे सरांना सोसेना. ते लॅपटॉप उघडत, लिंबापाशी ती रेघ ज्यांवरून ओढली होती ते दोन ठिपके बघत. ते ठिपके उचलून कबरस्थानापलीकडे ठेवायला चुटकीएवढाही वेळ लागला नसता. कुणी विचारलंही नसतं. पण सरपंचाला सुनावलेलं वाक्य आठवे, आणि सर लॅपटॉप बंद करत.

अशात वैशाखात आसाराम सरांच्या मुलाचं लग्न निघालं. आसाराम शाळेत गणिताला, मोझेस सरांचा जुना दोस्त. नवरी रोहिणी, भोकरसांगवीच्या पलीकडच्या गावची. लग्न लावून परत निघताना आसारामनं मोझेस सरांना आग्रहानं नवरा-नवरीच्या जीपमध्ये बसवलं आणि नारळांची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली. ‘‘तुमच्याइतक्या शिवा कुनाला पाठ हायेत? तुमीच काढून द्या एकेक.’’ गाडीत हशा पिकला. जीप हाकणारा गोरक्षनाथ नवरीच्या गावचा. त्याला सर कोण, काय, काही ठाऊक नव्हतं.

शिवा येत गेल्या, सर नारळ देत गेले. प्रत्येक ठिकाणी मोबाईल काढून आपली रेघ बघत, ती बरोबर निघे आणि त्यांचा चेहरा खुले. भोकरसांगवी मागे पडलं. पुढे रस्त्याखालच्या एका मोरीपाशी गोरक्षनाथनं सवयीनं गाडी हळू केली आणि पुन्हा वेग धरला.

‘‘शीव लागली, नारळ काढून ठिवा,’’ तो म्हणाला. ‘‘म्होरं फोडू.’’

‘‘ही कसली शीव?’’ सर म्हणाले. ‘‘करंजखोपची शीव लिंबापाशी.’’

‘‘लिंबापाशी फोडत्यात, सर. शीव ही मोरीपाशी. आमच्या आज्यापासनं हीच.’’

‘‘मग इथं का नाही थांबत?’’

गोरक्षनाथनं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. शाळा शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये, याचं त्याला नवल वाटलं असावं. ‘‘अवो, हितं मढी पुरत्यात त्या लोकांची. नवी नवरी हाय गाडीत. हितं कुनी थांबतं व्हय? समदे पुढं जाऊनच फोडत्यात.’’

पुढच्या सीटवर आसाराम उगाच खोकला. जीप कबरस्थानाच्या तारेच्या कुंपणाजवळून भर्रकन गेली आणि लिंबाखाली येऊन थांबली. सरांनी पिशवीतून नारळ काढून दिला. आसारामनं तो घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सरांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. गोरक्षनाथचा राग आला नाही, त्याला काय माहीत? ज्यांना माहीत होतं त्यांचाही धड राग येईना. त्यांनी सगळ्यांना नारळ कुठं फोडता एवढंच विचारलं होतं आणि सगळ्यांनी खरं तेच सांगितलं होतं. का, ते सरांच्या तोंडावर सांगायची लाज वाटली असणार. आपल्या माणसांपाशी कुणी थांबत नाही, म्हणून शीव सरकली, आणि ती सरकलेली शीव आपण इमानदारीनं आपल्याच हातानं नकाशात भरली. बापाच्या कबरीपाशी भ्यायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर ते विळा घेऊन मोरीपाशी गेले. वेड्या बाभळींनी हात सोलून निघाले. थोड्या वेळानं आसारामची मोटारसायकल येऊन थांबली. तो कुऱ्हाड घेऊन शेजारी वाकला. भरावाच्या कडेला अर्धा मातीत बुडालेला हद्दीचा दगड निघाला.

‘‘मला ठाऊक हुतं,’’ आसाराम म्हणाला. ‘‘जीभ रेटली न्हाई.’’

‘‘तो फांदा धर,’’ सर म्हणाले.

घरी येऊन सरांनी दोन्ही ठिपके मोरीवर नेऊन ठेवले. नकाशात बदल करताना तो का केला, ते एका ओळीत लिहावं लागतं. सरांनी बराच वेळ विचार करून लिहिलं: ‘हद्दीचा दगड मोरीपाशी सापडला. लिंबाखाली शीव नाही, तिथं फक्त गाड्या थांबतात.’ कबरस्थान करंजखोपात आलं.

रोझीबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सर तिच्यापाशी खाली बसले. ‘‘आई, बाबा गावातच आहेत. मी चुकलो हुतो. लिंबाखाली नारळ फुटतात, म्हनून ती शीव धरली.’’

म्हातारी आधी हसली. मग तिचे डोळे भरले.

‘‘लिंबावरनं काढली व्हय रं? मला वाटलं मोजून काढली.’’ तिनं पदरानं तोंड पुसलं. ‘‘मी नवी नवरी हुते तवा बैलगाडी त्याच वाटंनं आली. आपल्यात नारळ न्हाई, थांबायचं काम न्हाई. तरी मोरी आली आन् तुझ्या चुलत्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. आपलाच मानूस, आपलंच कबरस्थान, तरी पळवली गाडी.’’

सरांनी सुपातला एक गड्डा घेतला आणि सोलायला लागले.

‘‘पाळकांना सांग, नगरला न्हाई जायचं,’’ ती म्हणाली. ‘‘आन् माझी गाडी लिंबाम्होरं सावकाश ने. एकदा पळवली तेवढी बास झाली.’’