अमेरिकेची तांबडी ज्वारी

मुलाच्या परदेशातल्या, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये नात अमेरिकेचा इतिहास वाचत बसली होती. तिला घरातल्या कुणाला तरी विचारून शाळेसाठी एक पान लिहायचं होतं. मी चौथीत शाळा सोडलेला, पण कान देऊन ऐकत होतो. महायुद्धानंतर तिकडं इतकं धान्य पिकलं की भाव पडायला लागले; मग सरकारनं ते उचलून गरीब देशांत पाठवलं, म्हणे.

"आजोबा, तुम्ही खाल्लंय ते?"

"छे! आपल्या घरानं दुसऱ्याचं धान्य खाल्लं नाही."

मुलालाही मी जन्मभर हेच सांगत आलो. खरं असं की दुष्काळात मी खडी फोडायला जायचो, आणि त्या मजुरीतून रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी मिळायची. तिकडं ती जनावरांना घालतात, असं लोक बोलायचे. म्हणून आई दार लावून भाकरी थापायची. गावातली सगळी घरं तेच खायची, आणि सगळ्यांची दारं लावलेली असायची.

नात इथल्या बोलीतला 'लाह' जोडत म्हणाली, "त्यांच्याकडे टू मच होतं, लाह. कुणीतरी खायलाच हवं होतं."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते खपवायचं होतं, आणि लाज मात्र आम्ही एकट्यांनीच धरली.

"खाल्लंय," मी म्हणालो. "लिही. पण फुकट नाही, खडी फोडून."

सोफ्यावरच्या मुलानं मान वर केली. "बाबा, तुम्ही तर कायम उलटं सांगायचात!"

"खोटं सांगायचो. आता गप बस, तिला लिहू दे."